पुढचे माझे

४ जानेवारी

वन्सं,

पार्सल उघडण्याआधी हे पत्र वाचा, नाहीतर तुम्हाला वाटेल वहिनीनं मेलेलं मांजर पाठवलं. मांजर नाही, तुमच्या भाचीचं हेडगार्ड आहे. वास घामाचा आहे, सात वर्षांचा मुरलेला. नाक धरा आणि पुढे वाचा.

काम असं आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीस मुंगीची मुष्टियुद्धाच्या अजिंक्यपदाची लढत आहे. यंदा त्यांच्या संघटनेनं नवा नियम काढलाय की प्रयोगशाळेचा शिक्का नसेल ते हेडगार्ड घालून रिंगणात यायचं नाही. आणि मुंगी अडून बसलीय की बाबांच्या हातचं टोपरं डोक्यावर नसेल तर मी उतरणारच नाही. हट्ट तुमच्या घराण्याचा आहे, माझ्या माहेरी कुणी असं नव्हतं. तुम्ही दिवसभर हेल्मेटं आपटण्याचा पगार घेता, तेव्हा म्हटलं, एक घरचंही आपटा.

कातडं यांनी स्वतः कापलं, भुसा स्वतः भरला. आतलं अस्तर यांच्या जुन्या सदऱ्याचं, ते मी शिवलंय. तुम्ही तालमीत कधी फिरकला नाहीत म्हणून सांगते, तिथली एक रीत होती. नवं हेडगार्ड आधी वस्तादानं स्वतः घालायचं आणि ज्याचं ते असेल त्यानं वस्तादाला एक ठोसा हाणायचा, अगदी जीव खाऊन. वस्ताद म्हणायचा, "पहिला माझा." शिष्य म्हणायचा, "पुढचे माझे." मग ते या डोक्यावरून त्या डोक्यावर जायचं. मुंगी तेव्हा बारा वर्षांची. ठोसा तिनं चांगला दणदणीत मारला, पण बापाला मारलं म्हणून असं भोकाड पसरलं की पुढचं बोलायचं राहूनच गेलं. हे हसत सुटले. म्हणाले, "राहू दे गं, पुढचेही माझेच." अजून आठवलं की हसू येतं.

यांचं तसंच आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. जेवण भरवावं लागतं, कधी मला ओळखतात, कधी माझ्याकडे पाहुण्यासारखं बघतात. डॉक्टर म्हणतात, तरुणपणी खाल्लेले टक्केटोणपे आता वर येतायत. फोन मी परत जोडणार नाही. घंटा वाजली की हे मुठी वळून उभे राहतात आणि भिंतीशी लढायला जातात. तेव्हा पत्रच लिहा, आणि डॉक्टरांपेक्षा बऱ्या अक्षरात लिहा.

तुमची,
वहिनी


१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

मांजर पोहोचलं. टेबलावर ठेवल्यापासून माझ्या शेजारच्या दोघांनी खुर्च्या सरकवल्यात.

तू "आपटा" म्हणतेस तितकं सोपं नाही गं ते. आमच्याकडे एक पोलादी डोकं आहे, त्याला आम्ही टकल्या म्हणतो. टकल्याच्या पोटात गचका मोजणारं यंत्र बसवलंय. त्याला हेडगार्ड घालायचं, वरून घण सोडायचा आणि आत किती पोहोचलं ते बघायचं. लोकांना वाटतं, एवढं जाड काहीतरी डोक्याला बांधलं म्हणजे झालं. तसं नसतं. कान फाटत नाही, भुवई फुटत नाही, तेवढं ते वाचवतं. पण ठोसा बाजूनं बसून मान गर्रकन फिरली की आतला मेंदू हिंदकळतो, आणि ते थांबवणारं टोपरं अजून कुणी शिवलेलं नाही. त्यातून फार जाड केलं तर नाकापेक्षा मोती जड, समोरच्याला नेम धरायला डोकं आणखी मोठं होतं. दादाला मी हे सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तू मोज, मी शिवतो."

आज कानामागची शिवण उसवून नखाएवढा भुसा काढला आणि पाकिटात घातला. नेमका कशाचा आहे ते साहेब त्यांच्या दाबयंत्रात घालून सांगतील. शितावरून भाताची परीक्षा. शिवण मी परत घातलीय, तुझ्याइतकी सुबक नाही, हसू नकोस.

नियमानं आधी नमुना थंडीत ठेवतात, मग मार, मग पाण्यात बुडवून पुन्हा मार. गारठलेलं किंवा भिजलेलं हेडगार्ड कसं वागतं तेही बघावं लागतं. तेव्हा उद्यापासून टोपरं चार दिवस शीतपेटीत. मुंगीला म्हणावं, धीर धर.

दादाच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

तुझी,
नणंद


१९ जानेवारी

वन्सं,

मी काय लिहिणार आहे ते वाचून तुम्ही उडी माराल. पार्सल गेलं त्या आठवड्यात यांनी स्वतःहून चहा मागितला! सदऱ्याची बटणं स्वतः लावली, तीही सरळ. एका दुपारी मला म्हणाले, "खिडकीतला तो पडदा बदललास का?" पडदा बदलून दोन वर्षं झाली, पण म्हटलं, उशिरा का होईना, दिसला. मी मोरीत जाऊन रडून घेतलं. मुंगीला वाटलं मी नळ सोडून गेले.

मग एके दिवशी जेवता जेवता कानामागे हात गेला. डास चावल्यासारखं चोळत राहिले. मी पाहिलं, काही नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसापासून डोकं गार पडलं. भर उन्हात बसवलं तरी म्हणायचे, "डोक्यावर काहीतरी घाल." कपाळाला हात लावला तर ताकाच्या भांड्यासारखं गार. अंग मात्र गरम. लोकरीची टोपी घातली, वर माझा स्कार्फ बांधला, तरी दात वाजतच होते. चार दिवस हे चाललं आणि मग आपोआप थांबलं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, वाताचा प्रकार असेल. त्यांना काही कळलं नाही की ते वात म्हणतात.

मुंगी तालमीतलं मागून आणलेलं हेडगार्ड घालून सराव करतेय. परवा घरी आली ती कान धरूनच. म्हणाली, "आई, सगळ्यांना एवढं लागतं?" मी म्हटलं, "अगं, ठोशाला लागतं म्हणूनच ठोसा म्हणतात." तर म्हणते, "मला आजवर कधी लागलंच नाही. बाबांच्या टोपऱ्यात नुसता आवाज येतो." आपला तो बाब्या म्हणतात तसं, बापाचं ते टोपरं. लवकर शिक्का मारून पाठवा, नाहीतर पोरगी कान गमावून बसेल.

तुमची,
वहिनी


२७ जानेवारी

वहिनी गं,

आज मला पत्र नीट लिहिता यायचं नाही. ऐक.

बुधवारी टोपरं टकल्याला चढवलं आणि घण सोडला. उघड्या टकल्यावर घण पडला की काटा कडेला जाऊन आपटतो. बाजारातलं उत्तम हेडगार्ड घातलं की तो निम्म्यावर येतो. दादाच्या टोपऱ्यात काटा हललाच नाही. मला वाटलं तार सुटली. तार तपासली, टोपरं काढून उघड्या टकल्यावर घण सोडला, काटा गेला कडेला. पुन्हा टोपरं, पुन्हा शून्य.

साहेबांना बोलावलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी यंत्राला लाच दिलीय. मग स्वतः घण वर चढवला, आणखी वरच्या खुंटीला. समोरून, डाव्या कानशिलावर, परत डाव्या कानशिलावर. कुठलाही फोम मार खाऊन दमतो, वहिनी. लागोपाठ घाव घातले की दबून बसतो आणि आत जास्त जास्त पोहोचायला लागतं. हे दमेचना. दुपारपर्यंत अख्खी प्रयोगशाळा गोळा झाली होती. ज्याला त्याला एकेक घाव घालून बघायचा होता. मी मिरवत होते, माझ्या भावानं हातानं शिवलंय म्हणून. लोक टाळ्या वाजवत होते.

साहेब मात्र शेवटी डोकं खाजवत म्हणाले, "सगळं ठीक, पण मार गेला कुठे?" प्रश्न बरोबर आहे. मार काही नाहीसा होत नाही. फोम तो थोडा लांबवतो, थोडा स्वतःत जिरवतो आणि त्यानं तापतो. मी टोपऱ्याच्या आत हात घालून पाहिलं. तापलं नव्हतं. कुठेतरी गेला एवढं खरं.

आत्ता ते पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात ओल्यावर पुन्हा बुधवारसारखं सत्र. मुंगीला सांग, असा शिक्का आजवर कुणाला मिळाला नसेल.

तुझी,
नणंद


२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं, पण आनंद करायला घरात माणूस नाही.

बुधवारी सकाळी हे खुर्चीत बसले होते. मी भाजी निवडत होते. कुणी समोरून ढकलावं तसं डोकं मागे आपटलं. मी धावले तोवर पुन्हा. मग उजवीकडे कोसळले. उचलून बसवलं, परत उजवीकडे. जसं काही कुणीतरी डाव्या बाजूला उभं राहून हाणतंय. खोलीत मी आणि ते, तिसरं कुणी नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, वन्सं. मधे उभी राहिले. माझ्या अंगाला वाराही लागला नाही आणि त्यांचं डोकं हलतच होतं. दुपारी थोडं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, थोड्या थोड्या वेळानं, वेगवेगळ्या जोरानं.

हे ओरडले नाहीत. दोन्ही मुठी गालांशी धरून हनुवटी खाली घालून बसले, तालमीत शिकवायचे तसे. आणि अधूनमधून हसत होते, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

डॉक्टर आले. अंगावर वळ नाही, सूज नाही. म्हणाले झटके आहेत, गोळ्या लिहून दिल्या. आता हे मला ओळखत नाहीत. चहा मागत नाहीत. गेल्या आठवड्यापासून एकच बोलतात, "कानात पाणी गेलंय." आंघोळ घातलेली नाही. डोकं एका बाजूला झुकवून तळहातानं थापटत बसतात.

बुधवारी तुम्हाला काही जाणवलं का हो? सख्खी बहीण तुम्ही, म्हणतात रक्ताला कळतं. मला काही सुचत नाही म्हणून विचारते. शिक्क्याचं तेवढं बघा. निदान पोरीचं तरी काहीतरी चांगलं होऊ दे.

वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मुंगीला दाखवू नकोस.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात वाचलं. वाचून वर गेले आणि टोपरं हौदातून काढलं. पुसलं. माझ्या ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. साहेब ओल्या सत्राची तयारी करत होते, मी म्हटलं माझी तब्येत बरी नाही. खोटं नव्हतं.

शीतपेटी. कानामागचा भुसा. बुधवार. डावं कानशील. पाणी. मी सगळं शेजारी शेजारी ठेवून बघतेय आणि मला ते मान्य करायचं नाही. मी मोजमाप करणारी बाई आहे, असल्या गोष्टींना हसणारी. तेव्हा आणखी एकदा मोजू, पण हळू.

लहानपणी मी पुस्तक वाचत बसलेल्या दादाच्या मागून जाऊन त्याच्या डोक्यात टपल्या मारायची. दोन पटकन आणि एक थांबून. तो न बघताच एक वाक्य बोलायचा. ते वाक्य मी तुला कधी सांगितलेलं नाही आणि आत्ताही लिहीत नाही. रविवारी सकाळी गप्पा नकोत, रेडिओ नको, मुंगीला बाहेर पाठव. दहाच्या सुमारास त्याच्यासमोर बस आणि काय होतं ते मला कळव. मी इथे टोपऱ्याला फक्त बोट लावणार आहे.

आणि आठव. मुंगी सरावाला जायची तेव्हा दादा काय करायचा?

तुझी,
नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं,

रविवारी मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. ते कान थापटत नव्हते, शांत होते. मग त्यांच्या डोक्याला काहीतरी झालं, अगदी हलकं. झाडाचं पान पडावं तसं दोनदा. थोडं थांबून तिसऱ्यांदा.

हे हसले. इतक्या दिवसांत असे हसले नव्हते. मागे वळून न बघता म्हणाले, "चिंगे, मार खाशील हं."

चिंगी कोण, मला माहीत नव्हतं. मला वाटलं तालमीतली कुणी पोरगी. मग तुम्ही न लिहिलेलं ते वाक्य आठवलं आणि मी तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं.

तुम्ही विचारलंत, मुंगी सरावाला जायची तेव्हा हे काय करायचे. खुर्चीत बसायचे, वन्सं. संध्याकाळी ती बाहेर पडली की हे लवकर जेवून खुर्चीत बसायचे, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून. डोकं थोडं थोडं हलायचं. मी म्हणायची, डुलकी लागलीय. ती पहिली मोठी लढत जिंकली त्या रात्री हे किल्ली विसरले. दुसरी जिंकली तेव्हा तालमीचा रस्ता विसरले. गेल्या वर्षी उपांत्य फेरीत तिनं केवढा मार खाल्ला, लोक म्हणत होते, पोरगी दगडाची आहे, डोळाही मिचकावत नाही. ती जिंकून घरी आली तेव्हा यांनी तिला विचारलं, "आपण कोण?" काखेत कळसा होता आणि मी गावभर डॉक्टर शोधत फिरले.

तिनं "पुढचे माझे" म्हटलंच नव्हतं. हे म्हणाले होते, पुढचेही माझेच. आणि आम्ही सगळे हसलो होतो.

आता काय करू? जाळून टाकू म्हटलं तर यांचं काय होईल? मी म्हटलं तर चालेल का, पुढचे माझे? मुंगीला सांगितलं तर ती आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही. नाही सांगितलं तर ती महिन्याच्या शेवटी तेच टोपरं मागेल. एका डोळ्यात नवरा आहे, एका डोळ्यात लेक, मी कुठला डोळा मिटू?

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

मला चिंगी म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलंय. ते म्हणाल्याचं वाचून मी रडले आणि मग मला त्या बुधवारच्या टाळ्या आठवल्या. मार कुठे जातो हे मोजण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि तो माझ्याच घरी जात होता. मीच पाठवत होते, लोकांना बोलावून.

जाळायचं नाही, फाडायचं नाही, त्यावर साधी वाटीही पडू द्यायची नाही. आमच्याकडे चाचणी झालेला नमुना शेवटी करवतीनं मधोमध कापतात, आत काय झालं ते बघायला. साहेबांनी करवत तेल घालून तयार ठेवली होती. मी अहवालावर "नापास" असा शिक्का मारला, कारण लिहिलं "मोजमाप विश्वासार्ह नाही", आणि टोपरं डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. साहेबांना मी चोर वाटते. वाटू दे.

तू विचारलंस म्हणून सांगते, मी आधीच करून पाहिलं. टोपरं हातात धरून म्हटलं, पुढचे माझे. आणि बोटानं वाजवलं. माझ्या डोक्याला काही झालं नाही. त्या वेळी दादाला एक जास्तीची टपली बसली असेल, त्याची माफी माग. मला वाटतं, माझ्या म्हणण्यानं भागत नाही आणि तुझ्याही भागणार नाही. ज्याचं ते टोपरं, त्याचंच ते वाक्य.

जपून ठेवू म्हणशील, तर किती वर्षं जपणार? घर आहे, कपाटं पडतात, उंदीर असतात. मुंगीला माझ्याकडे पाठव. मी सांगते. सोनारानंच कान टोचलेले बरे, आईच्या हातून नको. ती एकोणीस वर्षांची आहे, तिचा मार तिला मागून घेऊ दे की नको, हे तुझ्या-माझ्या हातात नाही. पण लढतीत शिक्क्याचं साधं हेडगार्डच घालायचं, एवढं मी तिच्याकडून वदवून घेईन.

तुझी,
चिंगी


३ मार्च

आत्या,

आई म्हणाली, तूच लिही, तिच्या हातून लिहवत नाहीये.

तुझ्याकडून निघाले तेव्हा बसमधे टोपरं उशीच्या अभ्र्यात घालून मांडीवर धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला हात खाली घालायचे. शेजारची बाई हळूच म्हणाली, "बाळ झोपलंय का?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आईनं खिडकी लावून घेतली. मी बाबांसमोर उभी राहिले. सात वर्षांपूर्वी उभी होते तशी, फक्त आता ते बसलेले होते. टोपरं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, पुढचे माझे."

त्यांनी टोपरं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मला वाटलं होतं त्यांना काही कळणार नाही. ते म्हणाले, "नाही." तालमीत म्हणायचे त्याच आवाजात. मग म्हणाले, "अजून लहान आहेस."

त्यांना माहीत होतं, आत्या. पहिल्यापासून माहीत होतं. आईला मी तेव्हा बघितलं, तिलाही ते त्याच क्षणी कळलं. तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. सोडवताना रडत होती आणि त्यांना रागावतही होती, "पुरे झालं, सोडा, पुरे झालं आता." मी टोपरं हातात घेतलं आणि पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मग बोटानं त्याच्या कपाळावर टकटक केलं.

बाबा हलले नाहीत. माझ्या कपाळावर कुणीतरी टकटक केलं.

लढत मी हरले. शिक्क्याचं हेडगार्ड घातलं होतं, तुला शब्द दिला होता म्हणून. ते चांगलं होतं गं, भुवई फुटली नाही, कान शाबूत आहेत. पण मला मार चुकवताच येत नाही. कधी शिकलेच नाही, लागतच नव्हतं तर कशाला शिकेन? तिसऱ्या फेरीत डावीकडून बसला आणि मान फिरली, तेव्हा सगळं पांढरं झालं. पहिला विचार मनात आला तो असा की बाबांनी असे किती घेतले असतील. मग घंटा झाली. आई म्हणते, त्या वेळी बाबा खुर्चीत हात सैल सोडून बसले होते, खिडकीबाहेर बघत. डोकं जरासुद्धा हललं नाही.

मी घरी आले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. गालावर सूज होती, तिच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "लागलं का गं?"

एवढ्या वर्षांत त्यांनी मला हे कधीच विचारलं नव्हतं. मी समजायचे, वस्ताद आहेत, असलं विचारत नसतात. त्यांना विचारावं लागत नव्हतं, आत्या. आता विचारावं लागतं. मी म्हटलं, "हो बाबा, खूप लागलं." मग त्यांनी माझं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं आणि आम्ही दोघंही बराच वेळ तसेच राहिलो.

ते रोज थोडं बोलतात. काल आईला म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. आई अजून सगळ्यांना सांगत सुटलीय. टोपरं माझ्या कपाटात आहे, दोन गोधड्यांच्या मधे. मी हळू चालते आणि कपाट हळू लावते. उन्हाळ्यानंतर पुन्हा सराव सुरू करणार आहे, आधी चुकवायला शिकणार.

तुझी,
मुंगी

ता. क. आत्या, तू कानामागून काढलेला तो नखाएवढा भुसा अजून साहेबांच्या टेबलावरच आहे का? आज दुपारपासून माझ्या कानामागे कुणीतरी चिमटीत धरलंय आणि हळूहळू दाबतंय. थांबत नाहीये. जमलं तर पाकीट मागून घे. नाहीच जमलं तर राहू दे, मी सोसेन. फक्त बाबांना कळू देऊ नकोस. ते परत मागून घेतील.